हितेंद्रचे अकरा सेकंद

माझा नवरा पत्ते खेळून नावारूपाला आला, हे गिरगावातल्या माणसांना पचायला फार जड गेलं. विमा कंपनीतला कारकून, गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळणारा हितेंद्र एकाएकी पोकरचा मोठा खेळाडू कसा होतो, असं विचारणारेच पुढे त्याच्याबरोबर फोटो काढायला आमच्या वाडीत ताटकळत उभे राहिले. पोकरवाले त्याला 'दगड' म्हणत, कारण पत्ते कसेही येवोत, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. दोन वर्षांपूर्वी मकावच्या स्पर्धेत सलग सतरा तास बसून तो हॉटेलच्या खोलीवर गेला आणि खुर्चीतच संपला. चव्वेचाळीसचा होता. 'दगड फुटला' असं कोणा शहाण्यानं लिहिलं. असल्यांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय.

त्याचा गोव्याचा पहिला मोठा डाव लोक अजून यूट्यूबवर बघतात. मीही बघते, दुपारी, कामं आटपली की. नऊ वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा आकांक्षा, आमची मुलगी, दोन वर्षांची होती, तिच्या हृदयाला भोक होतं, डॉक्टरांनी महिन्याभरात ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं, आणि दोन्हीकडचे नातेवाईक फोन उचलेनासे झाले होते. त्या डावात समोरच्यानं सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, पुढे लोटल्या. हितेंद्रनं आता 'कॉल' म्हणून आपल्याही सगळ्या लावायच्या, नाहीतर पत्ते टाकून घरी यायचं. तो अकरा सेकंद गप्प बसला, मग 'कॉल' म्हणाला आणि जिंकला. त्या पैशांवर आमची पोर जगली. आणि त्याच एका शब्दानं त्याची नोकरी सुटली, मकाव आणि लास वेगास सुरू झालं, आणि शेवटी तोही गेला.

ते अकरा सेकंद मला इतके पाठ होते की माझे ओठ त्याच्याबरोबरच हलायचे. दिवाळीनंतर एका दुपारी मी 'कॉल' म्हटलं आणि तो गप्पच होता. मागे जाऊन पुन्हा लावलं, मोजलं. चौदा. फोन बिघडला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात एकवीस झाले. व्हिडिओची लांबी मात्र तीच, चार मिनिटं बारा सेकंद. आधी तो टेबलाकडे बघायचा. आता मान थोडी वर उचलून बघत होता.

मी कुणाला बोलले नाही. लोक म्हणाले असते, नवरा गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण एक दिवस आकांक्षाच माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आई, बाबा हल्ली जास्त विचार करतात ना?"

"जुना व्हिडिओ आहे तो. काहीतरीच बोलू नकोस."

"मग माझ्याकडे का बघतात?"

संक्रांतीपर्यंत तो दोन-दोन मिनिटं बसायला लागला. ज्या चेहऱ्यानं त्याचं नाव झालं तो चेहरा आता भिजलेला होता, डोळे लाल झालेले होते. मला काय हवं होतं ते सांगून टाकते, लपवून कुणाला फसवू? त्यानं पत्ते टाकायला हवे होते. हरून, कारकून होऊन, साडेसहाला घरी येणारा जिवंत नवरा मला हवा होता. त्याच्या पुढचं मी मनात येऊच दिलं नाही.

खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून बोलायचं नसतं. आमच्या वाडीत मेंढीकोट बसला तरी हा दंडक. मागून कुणी तोंड उघडलं तर म्हातारे डावच मोडत. हितेंद्रही म्हणायचा, "माझे पत्ते बघ हवं तर, पण एक अक्षर बोलायचं नाही." मी कधी बोललेही नव्हते.

त्या रविवारी दुपारी आकांक्षाला पुढ्यात पाटावर बसवून मी तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत होते. फोन समोर डब्याला टेकवला.

"आज नको ना लावूस, आई," ती म्हणाली.

मी लावला. समोरच्यानं चिप्स लोटल्या. हितेंद्रनं मान वर केली आणि तो माझ्याकडे बघत राहिला, एखाद्याला उत्तर येत नसलं की बघतो तसा. माझा जीव कळवळला.

"टाक ना रे पत्ते," मी म्हटलं. "ये घरी."

त्यानं ऐकलं. दोन्ही पत्ते पालथे घातले आणि बोटानं पुढे सरकवले.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. "हलू नकोस, वेणी सुटेल," असं आकांक्षाला सांगून मी फणी हातात घेऊनच उठले.

दारात हितेंद्र होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, हातात भाजीची पिशवी. मी त्याला घट्ट धरलं. अंग गरम होतं, सदऱ्याला घामाचा वास येत होता. इतकं सुख मला उभ्या जन्मात झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी रडत रडत म्हटलं, "आकांक्षा, बघ गं, बाबा आले."

आतून ओ आली नाही. हितेंद्रनं पिशवी खाली ठेवली, माझ्या खांद्यावरून रिकाम्या पाटाकडे बघितलं, आणि दमलेल्या माणसासारखा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"नऊ वर्षं झाली, सुचित्रा," तो म्हणाला. "आज परत नको."

मी हाताकडे पाहिलं. फणीत गुंतलेले केस हातभर लांब होते, आणि तेलानं अजून ओले होते.