हद्दीपलीकडचं भेकर

करवंदीच्या जाळीआड भेकर उभं होतं. मादी होती. तिचं तोंड डोळ्यांच्या वरपर्यंत लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत अडकलं होतं आणि श्वासाच्या वाफेनं बरणी आतून धुरकट झाली होती.

देवराम गावित सकाळपासून पालथा पडून तिच्याकडे सरकत होता. दहा पावलं राहिली असतील नसतील, तेवढ्यात पाचोळा वाजला. भेकर उधळलं, सागाच्या खोडावर आदळलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आंधळ्यासारखं धडपडत चुना लावलेल्या दगडांच्या बुरजापलीकडे गेलं.

“गेलं!” मागून धनराज म्हणाला. तो जंगलाचा गार्ड, पिंपळगावकडचा, पंचविशीतला. “मामा, आता राहू द्या. तिकडं गुजरातची हद्द हाय.”

देवराम उठून गुडघे झाडत राहिला. एकोणीस वर्षं तो जंगल खात्यात रोजंदारीवर होता. वणवा अडवायला जाळपट्टे काढायचे, रोपं लावायची आणि दर उन्हाळ्यात हे हद्दीचे बुरूज चुन्यानं रंगवायचे, हे त्याचं काम. वर घाटाच्या वळणावर देखावा बघायला गाड्या थांबत. नाशिकच्या, मुंबईच्या, सुरतेच्या. लोक खात-पीत आणि उरलंसुरलं कठड्यावरून खाली भिरकावत. ते घरंगळत नेमकं हद्दीवर येऊन साचे. इकडचे म्हणत, कचरा तिकडचा. तिकडचे म्हणत, इकडचा. २००३ सालच्या त्या एप्रिलपर्यंत तो कुणीच उचलला नव्हता.

“मिठाच्या वासानं तोंड घातलं असंल तिनं,” देवराम म्हणाला. “दोन दिवस झालं. पाणी नाय, चारा नाय.”

“पण उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

“सांगा, देवराम ऐकला नाय.”

तो बुरूज ओलांडून उतारानं खाली गेला. धनराज तिथंच उभा राहिला.

खाली मोहाच्या झाडाखाली एक बाई फुलं वेचत होती. ती अक्काबाई, देवरामची धाकटी बहीण. हद्दीपलीकडच्या डांगातल्या गावात तिला दिलेली. हद्द सरकारची, दोन्हीकडच्या गावांची सोयरीक तिच्या कितीतरी आधीची. तरी कामाच्या रगाड्यात दोघांची भेट व्हायला वर्ष वर्ष लागे.

“दादा? तू इकडं काहाला?”

देवरामनं ओठावर बोट ठेवलं आणि हातानं दाखवलं. भेकर ओढ्याच्या कोरड्या पात्रात मान खाली घालून उभं होतं. बरणी दगडावर आपटून टक टक वाजत होती. बरणीत कोंडलेल्या तोंडाला पाणी शोधायचं होतं, आणि पाणी तर ओढ्यातही नव्हतं.

अक्काबाईनं चादरीवरची मोहाची फुलं सरळ जमिनीवर ओतली. सकाळपासूनची मेहनत होती ती. चादर घेऊन ती वाऱ्याच्या उलट बाजूनं गेली, देवराम दुसरीकडून. चादर अंगावर पडली तसं भेकरानं असा हिसडा दिला की दोघंही आडवी झाली. पण जनावरात बळ उरलं नव्हतं. देवरामनं पाय धरले, अक्काबाईनं मान मांडीवर घेतली.

“नको गं बाय, नको,” ती तान्ह्या पोराशी बोलावं तशी बोलत होती. “भाऊ हाय माझा. मारणार नाय तो.”

मान सुजली होती. बरणी निघेना. देवरामनं कमरेचा विळा काढला आणि बरणीची कड कापायला लागला. एक बोट आत घालून, पातं आपल्या बोटाकडे राहील असं. भेकराला लागू नये या धडपडीत देवरामचं बोट दोनदा कापलं. शेवटी प्लॅस्टिक चरकन फाटलं.

जीभ वाळून लाकडासारखी झाली होती. अक्काबाईकडे पाणी होतं. तेही कुणीतरी टाकलेल्या बाटलीत भरलेलं. देवरामनं ओंजळीत घेऊन थेंब थेंब सोडलं. चौथ्या ओंजळीला भेकरानं चाटलं.

“दादा, हे पाहा.” अक्काबाईचा हात भेकराच्या पोटाखाली होता. बोटं दुधानं ओली झाली होती. “लेकुरवाळी हाय ही.”

तिला सोडून दोघं दूर जाऊन बसली. उन्हं कलायला लागली तेव्हा ती उठली. पाय थरथरत होते. दहा पावलं चालायची, थांबायची. मग झुडपात शिरली. आत काहीतरी लहानसं हललं, चाटल्याचा आवाज आला. बघायला दोघांपैकी कुणी गेलं नाही.

पंधरा दिवसांनी जंगल खात्याच्या साहेबांनी देवरामला बोलावलं. पलीकडून तक्रार आली होती, की महाराष्ट्राचा माणूस आमच्या हद्दीत जनावर धरत होता. बाहेर धनराज कानाशी लागला, “मामा, अलीकडंच होतं म्हणा. मी साक्षीला सही करतो.”

देवराम आत गेला. “पलीकडं व्हतं साहेब. बुरजांना चुना मीच लावतो. मला नाय कळणार?”

त्या पावसाळ्यात रोपं लावायच्या यादीत त्याचं नाव आलं नाही.

“खोटं बोलला असता तर जीभ झडली असती का?” त्याची बायको भिमाबाई चुलीपुढून म्हणाली. नागलीची भाकरी तिनं जरा आपटूनच ताटात टाकली. मग चुलीतलं लाकूड आत सारत विचारलं, “पाडस जगलं ना पण?”

“जगलं असंल.”

तिनं आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या बुधवारी अक्काबाई दोन रिकामी पोती घेऊन हद्दीवर आली. “तू तुझ्या बाजूचं उचल दादा, मी माझ्या.” तेव्हापासून दर बुधवारी दोघं यायची. बाटल्या, पत्रावळी, चमचमणाऱ्या पुड्या. पोती भरली की धनराज गुपचूप खात्याच्या जीपमधून न्यायचा. पुढच्या बुधवारी तेवढंच पुन्हा पडलेलं असायचं. देवराम कधी चिडला तर अक्काबाई हसायची. “बरं झालं. नायतर तू आला असता का मला भेटाया?”

चार वर्षं असं चाललं. २००७ च्या श्रावणात अक्काबाईला ताप भरला. नदीला पूर होता, वाट बंद होती. देवराम पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तिचं दिवसकार्य झाल्यावरच्या बुधवारी तो हद्दीवर एकटाच आला. गवत कमरेइतकं वाढलं होतं. वाटेवर धनराज भेटला. बदली होऊन तो चार दिवसांत जाणार होता.

“मामा, तिकडचं राहू द्या आता,” तो हळूच म्हणाला. “आपलं आपल्यापुरतं करा.”

देवरामनं मान हलवली आणि पोतं खांद्यावर टाकून आधी पलीकडे गेला. भिजलेल्या पत्रावळी गवताला चिकटल्या होत्या. त्या एकेक सोडवत तो ओढ्यापर्यंत उतरला. वर घाटात गाडी थांबली. दारं वाजली, माणसं हसली. कठड्यावरून एक पांढरी पुडी सुटली आणि वाऱ्यावर गिरक्या घेत दरीत उतरू लागली. देवराम कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. ती टेकल्यावर तो तिच्या दिशेनं चालू लागला.