चादर निळी निघते तोवर

जरा डोळे मिटा, बाळांनो, आणि दोन्ही हात पुढे करा. हातात ओल्या चादरीची दोन टोकं आहेत. उरलेली दोन समोर आईच्या हातात. आई पीळ देते, तुम्हीही द्या. अजून जोर लावा. आता खाली घमेल्यात पडणारं पाणी बघा. निळं आहे ना?

त्या पाण्याकडे खाटेवरून एक माणूस मान उंचावून बघत होता.

"आज किती निघला गं, बाय?" दौलतने विचारलं.

"लय निघला, बाबा," कमळ म्हणाली.

कमळ दहा वर्षांची. महिनाभर रोज सकाळी तिचं हेच काम होतं. दौलत, तिचा बाप, भिवंडीत निजामपुऱ्यात हारूनशेटच्या लूमवर चौदा वर्षं निळ्या, रंग सोडणाऱ्या सुताचं लुंगीचं कापड विणत होता. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी भरायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून धागा श्वासाने बाहेर ओढायचा. सगळेच कारागीर तसं करत, कारण त्याहून झटपट दुसरं काही नव्हतं. धाग्याबरोबर पोटात काय जातं आणि छातीत काय जातं, हे कोण बघतो? लहानपणी कमळ त्याला जीभ दाखवायला लावायची. निळी जीभ बघून ती हसायची, आणि तोही हसायचा.

मग खोकला लागला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. सहा महिने चुकवायच्या नाहीत, असं तिथे सांगितलं होतं. पण गोळ्या घेतल्या की लघवी लाल व्हायची. दौलत त्यानेच घाबरला. त्याच सुमारास दर गुरुवारी वज्रेश्वरीहून एसटीने उपचार सांगणारे एक बापू येऊ लागले. ते फी घेत नसत आणि आवाज कधी चढवत नसत. त्यांनी कमळच्याच विज्ञानाच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र उघडून समोर धरलं. अंगात अशा कोट्यवधी पेशी आहेत, म्हणाले, आणि सुताचं, रंगाचं, गिरणीच्या धुराचं विष एकेका पेशीत मुरून बसलंय. वर पुन्हा गोळ्यांचं विष कशाला? उपास करायचा, दुधीचा रस घ्यायचा आणि रोज तासभर ओली पांढरी चादर उघड्या अंगाला गुंडाळायची. चादर विष ओढून घेते.

पहिल्याच दिवशी चादर पिळली आणि पाणी निळं निघालं. दौलतने डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी गोळ्यांची पुडी फळीवर गेली ती तिथेच राहिली.

राही, कमळची आई, फार बोलणारी नव्हती. पण दौलतच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि चादरीचं पाणी दिवसेंदिवस फिकं होऊ लागलं, तेव्हा तिने चुलीपुढे बसून त्याला ऐकवलं.

"काम सुटून महिना झाला. आंगावरचा रंग धुवून चाललाय, दुसरा काय? इख कसला निघतंय?"

"तुला काय कलतंय? बापू येडे हायत काय?"

"बरं. मग चादर पांढरी निघली आन् खोकला तसाच ऱ्हायला, तर ठाण्याला मोठ्या दवाखान्यात चलायचा. माझी शपथ हाय."

दौलतने दोरीवर वाळणाऱ्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चलू. पन अजून निळी निघतेय ना?"

ठाण्याचं नाव निघालं आणि कमळने भाकरीचा घास ताटात परत ठेवला. शेजारचे नामाकाका ठाण्याच्याच दवाखान्यात गेले होते. ते परत आले तेव्हा टेम्पोत आडवे होते, आणि डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या चादरीत.

बुधवारी पाणी नुसतं गढूळ निघालं. निळ्याचा मागमूस नव्हता. दौलतने तोंड भिंतीकडे केलं आणि दुधीचा रसही परत पाठवला. संध्याकाळी राहीने देवाच्या तसबिरीमागून सरकारी दवाखान्यात काढलेल्या छातीच्या फोटोचं पाकीट काढलं, लग्नातलं लुगडं दोरीवरून काढून घडी करून ठेवलं. उद्याचा दिवस बघू, म्हणाली, आणि परवा पहाटेची गाडी.

कमळकडे बाहुलीचा एक डबा होता. बाप शिफ्टवरून येताना उरल्यासुरल्या निळ्या सुताच्या कांड्या तिच्यासाठी आणायचा. बाहुलीचे परकर व्हायचे त्या सुताचे. गुरुवारी सकाळी दौलतच्या अंगावरची चादर सोडून तिने ती छातीशी धरली आणि मोरीकडे नेली. वाटेत, दाराआड, ती क्षणभर थांबली.

मग मायलेकींनी पीळ दिला.

पाणी निळं निघालं, पहिल्या दिवसाइतकं निळं.

राही घमेल्याकडे बघत राहिली. तिने चादरीचं टोक नाकाशी नेलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. काही विचारायला तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात खाटेवरून हसण्याचा आवाज आला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू.

"बघ, राहे. मी सांगत व्हतो. आत खोल बसला व्हता त्यो. आता निघतंय."

कितीतरी दिवसांनी तो उठून बसला होता. त्याने दुधीचा रस मागून घेतला. राहीने ओले हात पदराला पुसले. छातीच्या फोटोचं पाकीट उचललं, त्यावरची धूळ उगाच झटकली आणि ते पुन्हा तसबिरीमागे सरकवलं.

दुपारी बापू आले. कमळच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पोरगी मन लावून सेवा करते.

आणि कमळने काय केलं? शुक्रवारी पहाटे, ठाण्याची पहिली गाडी नाक्यावरून निघून गेल्याचा आवाज आल्यावर, तिने बाहुलीचा डबा उघडला. कांडीचा धागा गुंतला होता, म्हणून बाप करायचा तसा तो ओठांत धरून श्वासाने ओढला. आईने हाक मारली तेव्हा तिने निळी जीभ आत घेतली, तोंड घट्ट मिटलं, आणि आज दोन कांड्या मुठीत धरून चादर आणायला गेली.