अंगठा की पाय

कल्याणच्या दवाखान्यात आमच्या ह्यांच्या उजव्या पायावर गोल चकत्या चिकटवल्या होत्या. त्या कातडी गरम करतात आणि तिथं प्राणवायू किती पोचतोय ते पडद्यावर आकड्यात दाखवतात. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही. कुणी, तर हरिहररावांनी! कोपरहून येताना रिक्षावाल्याला रस्ताभर रिक्षा चालवायला शिकवणारा हा माणूस. पण आज हे गप्प पडून होते आणि मीच पर्सची चेन उघडत-लावत बसले होते.

अंगठा काळा पडला होता. आकडा तीसच्या वर गेला तर नुसता अंगठा काढणार, नाहीतर गुडघ्याखालून पाय.

आकडा बावीसवर अडकला. टेक्निशियन रचनानं विचारलं, "काका, आज सिगरेट वगैरे?"

"छे! कधीच सोडली," म्हणत ह्यांनी उर्वीकडे पाहिलं. आमची एकुलती एक लेक. तिच्याच डोक्यावर हात ठेवून ह्यांनी शपथ घेतली होती.

सोडली कसली! रोज पाण्याची टाकी बघायला म्हणून लंगडत गच्चीवर जातात आणि बडीशेप चावत उतरतात. मला सगळं ठाऊक. पण बोलले असते तर शपथ मोडली असं ठरलं असतं, आणि पोरीला काही झालं तर? बी.एस्सी. झालेय मी, पण भीती काही डिग्री विचारून येत नाही.

"डॉक्टरांना आकडा कळवते," रचना उठली.

"थांब!" मी ओरडलेच. "सकाळीसुद्धा ओढलीय ह्यांनी. निघायच्या आधी, गच्चीवर."

हे लालबुंद झाले. रचना म्हणाली, "मग हा आकडा धरता नाही येणार, काकू. सिगरेटनं रक्तवाहिन्या आवळतात. दोन दिवस बंद ठेवून परत या."

उर्वीकडे बघायला मी धजेना. तीच पुढे झाली आणि ह्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बघा बाबा, शाबूत आहे. आता पायाचं बघा."

हे घळाघळा रडले.

दोन दिवस गच्चीची किल्ली कमरेला खोचून मी घरभर फिरत होते आणि हे खेकसत होते. परत गेलो तेव्हा आकडा रेंगाळत, माझा जीव खात तीस ओलांडून गेला. फक्त अंगठा काढू, डॉक्टर म्हणाले.

रिक्षात बसल्याबरोबर ह्यांनी उर्वीच्या डोक्याकडे हात नेला. मी तो मधेच धरला आणि त्यांच्याच उजव्या गुडघ्यावर ठेवला.

"इथं हात ठेवा," म्हटलं, "आणि मग काय ती शपथ घ्या."