पाण्याचं गाणं

आवाजाचा फेडर खाली ओढताना डीजेने समोरच्या नाचणाऱ्यांकडे बघून नाक मुरडलं. कुणाच्या तरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची दुपार. तीनशे माणसं आणि सगळ्यांत मिळून कान एकच. ओळखीचं लागलं की हात वर. अनोळखी दोन ठेके पडले की लगेच घशाला कोरड.

म्हणून या हॉलमधली त्याची रीत ठरलेली होती: तीन ओळखीची, चौथं नवं. चौथ्याला तो मनात 'पाण्याचं गाणं' म्हणायचा. दोन वर्षं ती जागा त्याने स्वतः रचलेल्या एकाच गाण्याला दिली होती. एकदा तरी लोकांनी ते थांबून ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. कुणी थांबलं नव्हतं. आज त्याने हात टेकले.

उत्सवमूर्तींचा मेहुणा घामाघूम होऊन आला.

"ते मघाचंच लावा ना परत."

"तिसऱ्यांदा?"

"लोकांना तेच हवंय हो."

यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या तरी ओळखीच्या म्हणून नाचतील. चौथ्या जागी त्याने मुकाट्याने तेच लावलं आणि स्वतःचं गाणं कायमचं पुसून टाकायला यादीत शोधू लागला.

तेवढ्यात पाण्याच्या टेबलावरच्या बाई ओले हात झटकत आल्या. दोन वर्षांत त्याने त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

"आज आपलं जुनं गाणं नाही लावलंत?"

"कुठलं जुनं?"

त्यांनी चाल गुणगुणली. जरा बेसूर, पण त्याचीच.

"तिसरं संपत आलं की मी पेले भरून ठेवते. आज चाळीस तसेच पडलेत."

तो कडवट हसला. म्हणजे हिलाही ती गर्दीची घंटाच.

"आणि मागच्या महिन्यात मधली बासरी का काढलीत? तेवढीच तर बरी होती."

बासरी काढल्याचं त्याच्या बायकोलाही कळलं नव्हतं. पुसायला निघालेलं बोट त्याने मागे घेतलं, बासरी असलेलं जुनं रूप शोधलं आणि चालू गाणं मध्येच तोडून ते लावलं.

मेहुणा हातवारे करू लागला. नाचायची जागा नेहमीसारखी रिकामी होऊन पाण्याच्या टेबलाशी झुंबड उडाली. बाईंनी टेबलामागे परत जाऊन पेल्यांवर आडवा हात धरला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "बासरी येऊ दे."

तहानलेली तीनशे माणसं गप्प उभी राहिली.