सासूबाईंचे चार झगे

पेनिनाचं विचार करणं हा तिच्या सासरी कायमचा विनोद होता. कोको-भात चुलीवर ठेवून ही खिडकीशी तंद्री लावून उभी राहायची. तळाला भात लागला की तिच्या सासूबाई तेलेसिया अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "झाला का गं बाई तुझा विचार? मग आम्ही करपलेलं खायला बसतो." सगळे खो खो हसायचे. पेनिनाही हसायची, पण आत कुठेतरी टोचायचंच.

सासूबाईंचे धाकटे भाऊ तानिएलूमामा मात्र एक नंबरचे चटपटीत. तेलेसियांच्या एकुलत्या एका लेकीचं, मालियाचं लग्न समुद्रापलीकडच्या बेटावर, पागो पागोला ठरलं आणि मामांनी त्याच दिवशी तिकिटं काढली. "लग्न शनिवारी दुपारी, विमान शनिवारी सकाळी. उडालो की उतरलोच. यात विचार कसला करायचाय?" विमान भरलं, सुनेला जागा उरली नाही, तेही मामांनीच परस्पर ठरवून टाकलं.

तर शनिवारी सकाळी त्यांच्या बेटावरच्या, अपियाच्या छोट्या विमानतळावर वऱ्हाड अवतरलं. काउंटरमागे कामावर होती पेनिनाच. तेलेसिया डुलत डुलत पुढे आल्या. सकाळी घरात दिसल्या होत्या त्याच्या चांगल्या दुप्पट झाल्या होत्या.

"आई, हे काय?"

"चार झगे घातलेत एकावर एक," तेलेसिया कुजबुजल्या. "आणि आत लग्नात द्यायचे मांसाचे सीलबंद डबे. बॅगेचं वजन बघतात ना मेले. मामाची युक्ती आहे."

"अंगाचं वजन कोण करतंय?" मामांनी भुवया उडवल्या. त्यांच्या शर्टाच्या आतून भाजलेल्या डुकराचा खमंग वास येत होता.

पेनिनाला हसावं की रडावं कळेना. मामांचा जन्म बोटीनं जाण्यात गेलेला. "मामा, एवढ्याशा विमानात बॅगांच्या आधी माणसांनाच काट्यावर चढवतात."

तेलेसिया काट्यावर चढल्या आणि काटा जो धावला तो थांबेचना. एक डबा पोटावरून निसटला, घरंगळत जाऊन वैमानिकाच्या बुटाला लागला. रांगेतली माणसं पोट धरून हसायला लागली. वैमानिक मात्र हसला नाही. डबे काढले, झगे उतरवले, डुकराची मांडी जप्त झाली, तरी भार जास्तच भरत होता.

"एक माणूस कमी करा," तो म्हणाला.

मामांनी चुटकीसरशी निकाल दिला. "ताई, तू राहा. तू उतरलीस की दोन माणसांचं काम भागतं."

तेलेसिया बाकावर मटकन बसल्या. "दुपारी माझ्या पोरीचं लग्न, आणि मी इथं बसू?" उतरवलेल्या झग्यांच्या ढिगात तोंड खुपसून त्या हमसून हमसून रडायला लागल्या. पेनिनाला कसंसंच झालं. कितीही टोमणे मारले तरी आई ती आई. तिच्यावाचून लेकीचं लग्न लागणार म्हणजे काय?

काउंटरमागे पेनिनाची तंद्री लागली.

"आता विचार करत बसू नकोस हं," मामा खेकसले. "विमान खोळंबलंय."

ती विचार करत बसलीच. दुपारी लग्न? आपण तर समजत होतो की मंडळी मुद्दाम एक दिवस आधी निघालीत.

"मामा, इथं आज शनिवार. पागो पागोला आज कुठला वार?"

मामांनी बोटं मोजली आणि कपाळावर हात मारला. मधल्या समुद्रातली वाररेषा ओलांडली की वार एक दिवस मागे जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पलीकडे अजून शुक्रवार चालू होता.

"म्हणजे लग्न उद्या," पेनिना म्हणाली. "आपल्या रविवारचं विमान रिकामंच जातं. त्यानं गेलात तर तिथं शनिवारी सकाळी उतराल."

तेलेसियांनी नाक पुसलं. "रविवारी प्रवास? चर्च बुडवून? पाद्रीबुवा काय म्हणतील?"

"उतराल तेव्हा शनिवारच असेल, आई. लग्न लावा, जेवा, झोपा. उठाल तेव्हा रविवार. तिथल्या चर्चला जा की."

तेलेसियांनी झग्यांचा ढीग बाजूला सारला. मग आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग त्या अशा काही हसत सुटल्या की कुठेतरी दडून राहिलेला शेवटचा डबा खणकन खाली पडला. मामांनी तो उचलून गुपचूप काउंटरवर ठेवला आणि ते मान खाली घालून विमानाकडे चालू लागले.

"रिकामं जातं म्हणालीस ना?" तेलेसियांनी विचारलं. "मग दोन जागा धर."

"दुसरी कुणाला?"

"तुला. उद्या-परवा तुझी सुट्टी असते ना? आता यात तरी विचार करू नकोस."

संध्याकाळी कोको-भात चुलीवर होता. पेनिना खिडकीशी उभी राहून लग्नात काय नेसावं याच्या तंद्रीत होती. तळाशी भात धरल्याचा वास आला तशी ती दचकून वळली. तेलेसिया आधीच चुलीपाशी पोचल्या होत्या.

"तू कर गं तुझा विचार," त्या म्हणाल्या. "भात मी ढवळते."