काचा वर, एसी चालू

विजेच्या गाडीच्या पडद्यावर पंख्याच्या चिन्हाखालचा तो निळा ठिपका मोहरीएवढाच, पण शिवकन्येची नजर रस्त्यावरून निसटून पुन्हा पुन्हा तिथं जात होती आणि प्रत्येक वेळी कानात व्यंकटीचा आवाज… एसी बंद कर, काचा खाली घे, चार्ज पुरायचा नाही. खरं म्हणजे नवरा गाडीत नव्हताच. तो लातुरात, क्लासच्या केबिनमध्ये, पाच वर्गांचे पाच कॅमेरे एका फोनवर बघत बसलेला असणार. त्याच फोनवर ही गाडीही दिसते. किती पळाली, कुठं थांबली, बॅटरी किती, एसी चालू की बंद.

मागच्या सीटवर सासूबाई, उमादेवी. डाव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. काल नांदेडला मोतीबिंदू काढला. धूळ अजिबात जाऊ देऊ नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बाहेर मे महिना, त्रेचाळीस अंश, लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम, ट्रकमागं मुरमाचा धुराळा. काचा खाली घेऊन न्यायचं यांना?

शिवाय त्याचं गणितही चुकीचं होतं. ती अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची, त्याच्याच क्लासमध्ये, अकरा वर्षं. निघण्याआधी गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच तिनं आतली हवा गार करून घेतली होती. तापलेली गाडी थंड करायला जी जास्तीची वीज लागते ती बॅटरीतून गेलीच नाही. आता सव्वीसवर ठेवून, आतलीच हवा फिरवत, एसी बिचारा एखादा किलोवॅट घेत असेल. खरी वीज खाते ती घाई. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहिते, दीडशे पोरं उतरवून घेतात… आणि व्यंकटी एसी बंद करून, घामाघूम होऊन, शंभरानं गाडी हाकतो. ती सत्तरनं चालली होती. पोचणार होती. पण हे त्याला कधी सांगितलं होतं का मी? नाही. तो म्हणाला की मी एसी बंद करून गप्प बसत होते. वाद घालण्यापेक्षा घाम बरा—किती वर्षं?

"सूनबाई," मागून उमादेवी म्हणाल्या, "थेंब घालायची येळ झाली की गं."

थेंबांची बाटली दवाखान्यातच राहिली होती. अहमदपूरला तिनं औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली. सावली कुठंच नव्हती. "आत्याबाई, तुम्ही आतच बसा, धूळ आहे. एसी चालू ठेवते." तिनं गाडीला कुलूप घातलं, फोनवरून एसी चालू असल्याची खात्री केली आणि दुकानात गेली. थेंब मिळायला वेळ लागला. दुकानदारानं आधी दुसरीच बाटली दिली, मग आतल्या खोलीत शोधत बसला. दहा मिनिटं. बारा असतील.

बाहेर येताना तिला आधी दिसला तो हात. काचेवर टेकलेला, बोटं पसरलेली.

दार उघडल्यावर आतली हवा तोंडावर आदळली, भट्टीचं तोंड उघडावं तशी. उमादेवींचं पोलकं भिजून अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरे, चष्मा मांडीवर. एसी बंद होता. तिनं त्यांना खाली उतरवलं, दुकानाच्या पायरीवर पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"गाडी उभी दिसली अन् एसी चालू," व्यंकटी म्हणाला. "म्हटलं, विसरलीस. मीच बंद केला इथून."

"आत्याबाई आत होत्या."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आई… बरी आहे ना? मला काय माहीत, आत कुणी आहे म्हणून?"

"विचारायचं होतं."

"अगं, पण चार्ज—"

"चार्ज मी बघते. गाडी मी चालवतेय." तिचा आवाज एवढा चढला की दुकानदारानं मान वर केली. तिनं मान वळवली नाही. "आणि आता तुम्हाला गाडी दिसणार नाही. बंद करतेय ते."

गाडीत बसून तिनं पडद्यावर ती जागा शोधली. दुसऱ्या फोनवरून नियंत्रण. खरंच बंद करायचं का, असं गाडीनं विचारलं. हो.

दारं उघडी ठेवून गरम हवा जाऊ दिली, मग काचा वर, तापमान बावीस. बॅटरी चव्वेचाळीस टक्के, लातूर सत्तर किलोमीटर. थोडी जास्त जाईल. जाऊ दे. उमादेवींना आत बसवून, पट्टी सोडून तिनं डोळ्यात थेंब घातले, पट्टी परत लावली.

बराच रस्ता मागं पडल्यावर उमादेवी बोलल्या. "दार उघडंना, काच वाजवली मी. कुणाला ऐकूच गेलं न्हाई."

"ओरडायचं होतं."

"भर बाजारात? बाईमाणसानं? अन् तूच तर… मातीखाली होतीस तवा गप पडून राहिलीस, म्हणून वाचलीस. तुला बघाया आलो तवा तुझ्या चुलत्यानं सांगितलं की. शहाणी पोर हाय म्हणून."

सात वर्षांची होती ती. किल्लारीच्या पलीकडचं गाव, भूकंपात पहाटे माळवद खाली आलं, दगड, माती, आणि हाताच्या अंतरावर आई—दिसत नव्हती, फक्त आवाज. ओरडू नको, बाळा, दम राखून ठेव. ती गप्प राहिली. आई सांगत राहिली. मग आई सांगायची थांबली.

"मी ओरडले होते, आत्याबाई."

"आँ?"

"आईचा आवाज बंद झाला, तेव्हापासून ओरडत होते. तोंडात माती जात होती तरी. घसा फुटेस्तोवर. ते ऐकूनच जवानांनी दगड उचलले. गप्प राहिले असते तर तिथंच राहिले असते."

"पन समदे तर म्हणत्यात—"

"समदे बाहेर होते."

 आरशात उमादेवींचा उघडा, उजवा डोळा तिच्याकडं बघत राहिला, ओला, घामानं की कशानं कुणास ठाऊक. मग त्यांनी पदर सोडून गार हवेच्या झोताकडं गळा पुढं केला. "लई बरं वाटायलंय," त्या म्हणाल्या. "आनखी वाढव."

तिनं वाढवला. घरी व्यंकटी दारात उभा असेल, आधी आईला बघेल, मग तिच्याकडं वळेल, आणि काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ठरवावंसं वाटतही नव्हतं. चाकूर गेलं, एक ट्रक हॉर्न मारत पुढं निघून गेला. ती सत्तरवरच राहिली. घसा दुखत होता, एवढंसं बोलून. तिनं एकदा मोठ्यानं खाकरून पाहिलं, आणि बंद काचांच्या आत तो आवाज तिला चांगला भरदार वाटला.