शुक्रवारी मॉट कुठे बसायचा

आमचा मॉट मेंढ्या राखणारा कुत्रा. जेवणाच्या वेळी माझ्या नवऱ्याच्या, एम्लिनच्या, पायाशी बसायचा. मग युद्ध लागलं, बाँबच्या भीतीने लिव्हरपूलची मुलं गाडी भरून आमच्या वेल्श खेड्यात आली, आणि सात वर्षांची बर्नाडेट आमच्या वाट्याला आली. तेव्हापासून मॉट शुक्रवारी तिच्या खुर्चीखाली बसू लागला. फक्त शुक्रवारी.

"कुत्र्याला वार कळायला लागले," अशाच एका शुक्रवारी न्याहारीला एम्लिन म्हणाला. "आता रविवारी चॅपलात प्रार्थनेला माझ्याऐवजी त्यालाच ने."

मी वाकून पाहिलं. मॉट बेकन चघळत होता.

भांडी पुसताना मी तिला हळूच विचारलं, "बेकन आवडत नाही का गं?"

"आवडतं. काल दोन काप खाल्ले की मी."

"मग आज?"

बशी कोरडी झाली तरी ती पुसतच राहिली. "सांगितलं तर परत पाठवाल, मावशी. आई म्हणाली, ते लोक चॅपलवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, आपण कॅथलिक आहोत हे बोलायचं नाही. शुक्रवारी येशू क्रुसावर गेले ना, म्हणून आम्ही मांस खात नाही."

रविवार देवाचा, म्हणून माझ्या घरात त्या दिवशी कात्रीसुद्धा उचलत नाहीत. बटाटे शनिवारी संध्याकाळीच सोलून ठेवते. पहिल्या रविवारी हिने विणकाम काढलं तेव्हा मी फक्त "आज नको हं" म्हटलं होतं. का, असं न विचारता तिने सुया ठेवून दिल्या होत्या.

दुपारी प्यू मास्तर आले. मुलांची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"पोरगी वाळलीय म्हणतात, मेगनबाई. तिचं ताट कुत्राच खातो म्हणे. इथे जेवत नसेल तर परत धाडावी लागेल. आज समोर बसून बघतो."

बर्नाडेट माझ्याकडे बघत होती. चुलीवर सकाळपासून डुकराच्या मांसाचा रस्सा रटरटत होता. मी झाकण काढलं, परत ठेवलं, आणि अंड्यांची टोपली घेतली.

"आज अंडी," मी म्हणाले. "शुक्रवारी या घरात मांस नसतं."

"कधीपासून?" एम्लिनने विचारलं.

"आजपासून."

मास्तरांनी नाक वर केलं. "मग हा वास कसला?"

"उद्याचा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग बर्नाडेटकडे. ती तोवर दोन अंडी संपवून तिसऱ्यासाठी बशी पुढे करत होती. त्यांनी वही काढून लिहिलं, 'नीट जेवते.' स्वतःही तीन अंडी खाल्ली.

मॉट तिच्या खुर्चीखाली बराच वेळ ताटकळला. शेवटी उठून एम्लिनकडे गेला.

"माझ्याकडे काय बघतोस?" एम्लिन म्हणाला. "आपण दोघंही एकाच नावेतले, बाबा."

युद्ध संपलं, बर्नाडेट आईकडे परतली. पण मी मास्तरांना जे सांगितलं ते खोटं ठरू नये, म्हणून शुक्रवार अजून पाळते. एम्लिनची तक्रार नाही. शुक्रवारी दुपारी शेजारच्या लोवरीकडे रस्सा रटरटू लागला, की त्याला आणि मॉटला तिकडे काही ना काही काम निघतंच.